मार्कंड्याचं सोळावं वर्ष

वैनगंगा इथं आपली वाट मोडते. या भागात एरवी दक्षिणेकडे वाहणारी ही नदी मार्कंड्याच्या देवळांपाशी वळसा घेते आणि थोडं अंतर उत्तरेकडे वाहते. उत्तरवाहिनी म्हणून या काठाला तीर्थाचं मोल आलं. अल्याड गडचिरोली जिल्ह्याचा चामोर्शी तालुका, पल्याड चंद्रपूर जिल्हा. १८७०च्या दशकात पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम इथं येऊन गेला, त्यानं या देवळांची नोंद केली. त्याच्याही आधी कधीतरी वीज पडून मुख्य देवळाचा मंडप कोसळला होता. दुपारच्या उन्हात भिंतींवरच्या मूर्तींकडे बघत बसलं की वेळ कसा जातो कळत नाही. लोक या जागेला विदर्भाचं खजुराहो म्हणतात. मला ते नाव रुचत नाही. मार्कंड्याला दुसऱ्या कुणाचं नाव कशाला हवं?

गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. मृकंडू ऋषींना मुलगा हवा होता. दीर्घायुषी पण मंदबुद्धी हवा, की गुणवान पण सोळाच वर्षांचा, असं शंकरानं विचारलं. त्यांनी गुणवान मागितला. सोळावं वर्ष भरत आलं तसा यम पाश घेऊन आला, आणि पोरानं पिंडीला मिठी मारली. पुढचं सांगायला नको. या काठावर ती गोष्ट ऐकताना माझं लक्ष यमाकडे जात नाही, त्या आकड्याकडे जातं. सोळा. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते आणि दर जुलैत माझ्यासमोर सोळा वर्षांची पोरं येऊन बसतात. दहावी झालेली असते, अकरावी लागलेली असते. त्यांच्यातली कितीतरी त्याच वर्षी विज्ञानातून मनानं उठून जातात. हजेरीपटावर नाव राहतं, पोरगं राहत नाही.

एक वही मला अजून दिसते. मुलगी याच बाजूच्या एका गावातली, मराठी शाळेतून दहावी झालेली, गुण चांगले. वहीच्या डाव्या पानावर फळ्यावरचं इंग्रजी जसंच्या तसं उतरवलेलं, उजव्या पानावर पेन्सिलीनं मराठी. ‘मोमेंटम’समोर संवेग, ‘इनर्शिया’समोर जडत्व, ‘ॲक्सिलरेशन’समोर त्वरण. नववीच्या विज्ञानाचा पहिलाच धडा गतीच्या नियमांचा, तिला तो पाठ होता. जे येत होतं तेच ती आता नव्यानं ओळखून घेत होती, दोन पानांच्या मधल्या शिवणीवरून उड्या मारत. ऑगस्ट संपता संपता उजवी पानं कोरी राहू लागली. विचारलं तर म्हणाली, “दहावीत समजत होतं जी मॅडम, आता नाई समजत.” तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. आपलंच काहीतरी कमी पडलं, असा सूर होता, आणि त्या सुराचं मला आजही वाईट वाटतं.

कारण कमी तिच्यात नव्हतं. आपल्याकडे दहावीपर्यंत मराठीतून विज्ञान शिकता येतं, पण अकरावी विज्ञानाची पुस्तकं इंग्रजीतच हातात पडतात. सेमी इंग्रजीतून आलेल्यांचं थोडं निभावतं. जिल्हा परिषदेच्या आणि आश्रमशाळेच्या पोरांना ही पायरी एकदम चढावी लागते. त्यातही ज्यांच्या घरी माडिया किंवा गोंडी बोलली जाते, त्यांनी ही चढण एकदा पहिलीत चढलेली असते. आमच्या तालुक्यात बंगाली निर्वासितांच्या वसाहती आहेत, तिथल्या पोरांच्या घरची भाषा आणखी वेगळी. सीईटीला बसावं तर फिजिक्स, केमिस्ट्री मराठीतून सोडवता येतं, गणित मात्र इंग्रजीतच. म्हणजे दोन वर्षं मराठी सोडायला लावायची आणि परीक्षेत ती अर्धीमुर्धी परत द्यायची.

पण भाषा ही निम्मीच गोष्ट. उरलेलं दुखणं पुस्तकांच्या पोटात आहे, आणि ते कुणी बोलून दाखवत नाही.

अकरावीच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकाचं दुसरं प्रकरणच गणिती पद्धतींचं आहे. त्यात व्हेक्टर येतात आणि मागोमाग डेरिव्हेटिव्ह आणि इंटिग्रेशनची तोंडओळख. म्हणजे वर्ग जरा रुळायच्या आधीच मला डेरिव्हेटिव्ह वापरावं लागतं. शेजारच्या वर्गात गणिताचे सर ज्या पुस्तकातून शिकवतात, त्याच्या दुसऱ्या भागातलं शेवटचं प्रकरण डिफरन्सिएशन. सर तिथं पोचतात तेव्हा वर्ष सरत आलेलं असतं. एकाच मंडळाची दोन पुस्तकं, एकाच पोराच्या दप्तरात, आणि एकाला दुसऱ्याची वाट बघायची सोय नाही. गणित सोडून बायोलॉजी घेतलेल्या पोरीला तर ते सरही भेटत नाहीत. तिला डेरिव्हेटिव्ह कुणी शिकवायचं, हे वेळापत्रकात कुठंच लिहिलेलं नाही. दहावीच्या भूमिती भागात त्रिकोणमिती आहे, पण ती काटकोन त्रिकोणाच्या आत बसलेली. अकरावीत कोन अचानक नव्वदाच्या पलीकडे जातो आणि कोसाइन ऋण होतो. ते का होतं, हे सांगायला भौतिकशास्त्रात तास ठेवलेला नाही.

आणि याच पोरांना यातलं केवढं आधीच येतं! पुढच्या प्रकरणात प्रतलातली गती येते, तिच्यात होडी आणि नदीचं उदाहरण ठरलेलं. मी पुस्तक बाजूला ठेवून विचारलं, इथून डोंग्यानं पल्याड जायचं तर नावाडी तोंड कुठं धरतो? मागच्या बाकावरून लगेच उत्तर आलं, वरच्या अंगाला, नाहीतर धार खाली ओढून नेते. पावसाळ्यात जास्त वर, उन्हाळ्यात जवळजवळ सरळ. सापेक्ष वेग त्याच्या हातात होता, फक्त बाणाची खूण काढता येत नव्हती. त्या दिवशी आम्ही वैनगंगेचा बाण, डोंग्याचा बाण आणि दोघांच्या बेरजेचा बाण असे तीन बाण फळ्यावर काढले. तो तास माझ्या नोकरीतल्या चांगल्या तासांपैकी एक. प्रकरण मात्र एका तासानं मागं पडलं. अभ्यासक्रम पुरा करायचा तर असे तास परवडत नाहीत, आणि असे तास न घेता अभ्यासक्रम पुरा झाला तर झालं काय?

दोन पायऱ्यांमधली ही फट नेहमीच नव्हती. जुन्या चालीत अकरावीला मॅट्रिक होत असे आणि मग प्री-युनिव्हर्सिटीचं वर्ष. ते वर्ष विद्यापीठाच्या हातातलं. पुढं बीएस्सीला शिकवणारे प्राध्यापकच उंबऱ्यावर पोरांना भेटत, त्यांना काय येतं नि काय येत नाही ते डोळ्यांनी बघत. मग दौलतसिंह कोठारींच्या आयोगानं १९६४ ते १९६६ या काळात देशभराच्या शिक्षणाचा विचार केला आणि १०+२+३ची रचना सुचवली. सत्तरच्या दशकात ती महाराष्ट्रात आली. ती आली हे चांगलंच झालं. गावोगावी बारावीपर्यंतचे वर्ग निघाले, चामोर्शीसारख्या ठिकाणी पोरींना बारावी करता आली. पण त्या अदलाबदलीत मधली दोन वर्षं मंडळाकडे गेली आणि विद्यापीठाची नजर त्यांच्यावरून उठली. आज अकरावी-बारावी शालेय शिक्षण विभागाची, पदवी उच्च शिक्षण विभागाची. बारावीचं पुस्तक बालभारतीचं, पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाचा. आमच्या भागात कितीतरी ठिकाणी कनिष्ठ आणि वरिष्ठ महाविद्यालय एकाच इमारतीत आहेत. एकच जिना, एकच पाण्याची टाकी, कधी तर प्रयोगशाळाही एकच. बारावी शिकवणारी मी आणि प्रथम वर्ष शिकवणारे सर रोज जिन्यात एकमेकांना नमस्कार करतो. पण त्यांच्या पहिल्या सत्रात काय आहे ते मला कुणी सांगत नाही, आणि आमची पोरं कुठवर आली आहेत ते त्यांना कुणी विचारत नाही.

ही गोष्ट आमच्याच नशिबी आहे असं नाही. अमेरिकेत टेनेसी राज्यात २०१२च्या सुमारास चॅटनूगाच्या कॉलेजनं एक प्रयोग सुरू केला. कॉलेजात आल्यावर ज्यांना गणिताचा उजळणी वर्ग करावा लागतो, त्यांना तोच वर्ग हायस्कूलच्या शेवटच्या वर्षात द्यायचा, दोन्हीकडच्या शिक्षकांनी मिळून. पुढं तो राज्यभर गेला. पोरं कॉलेजच्या गणिताला लवकर लागली खरी, पण त्यांची गणिताची समज तेवढ्यानं वाढली नाही, असं नंतरच्या अभ्यासात दिसलं. मला यातलं शेवटचं निरीक्षण जास्त मोलाचं वाटतं. तोच धडा आधी उरकल्यानं काम होत नसतं. तो कसा शिकवला जातो तेही बदलावं लागतं.

जुलैत इथं भाताची रोवणी चालते. पऱ्हे उपटायच्या आधी बांधीत पाणी धरलेलं असतं, चिखल केलेला असतो. पऱ्हे किती वाढले एवढंच बघून कुणी ते उपटत नाही. ज्या बांधीत ते जायचे तिची तयारी आधी बघतात. आपण मात्र पोरालाच विचारतो, तू कॉलेजला तयार आहेस का?

आणि पोराचं वर्ष आमच्या कॅलेंडरप्रमाणे चालतच नाही. महाशिवरात्रीला मार्कंड्याला मोठी यात्रा भरते आणि बारावीची परीक्षा तेव्हाच चालू असते. २०२५मध्ये २६ फेब्रुवारीला शिवरात्र होती, परीक्षा त्याच महिन्यात सुरू झालेली. दुकान लावणाऱ्या घरातला मुलगा रात्री नारळ-फुलांच्या टोपल्या आवरून सकाळी केंद्रावर जातो. एप्रिल-मेमध्ये सीईटी असते, मेच्या पहिल्या रविवारी नीट, आणि नेमका तोच तेंदूपत्त्याचा हंगाम. घरची सगळी माणसं पहाटे जंगलात, आणि पत्त्याच्या पैशावर पुढच्या प्रवेशाची फी. काही कुटुंबं मिरची तोडायला तेलंगणात गेली की पोरगं घरी एकटंच स्वयंपाक करून बारावी करतं. सीईटीत अकरावीचा वाटा सुमारे वीस टक्के, बारावीचा ऐंशी. शहरातल्या शिकवणीत हे पहिल्या दिवशी सांगतात. इथं ते बहुतेकांना बारावीच्या दिवाळीत कळतं, तोवर अकरावीची पुस्तकं धाकट्या भावंडाकडे गेलेली असतात.

तरीही मला निराश व्हायचं कारण दिसत नाही. २०११ साली नागपूर विद्यापीठातून वेगळं होऊन गोंडवाना विद्यापीठ निघालं, फक्त चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांचं. एवढं लहान विद्यापीठ म्हणजे केवढी संधी! अभ्यास मंडळातल्या माणसांना बारावीचा वर्ग बघायला पुण्या-मुंबईला जावं लागत नाही, त्यांच्याच महाविद्यालयाच्या तळमजल्यावर तो भरतो. राष्ट्रीय शिक्षण धोरणानं नववी ते बारावी हा एकच टप्पा मानला आहे. २०२४-२५पासून संलग्न महाविद्यालयांतही नवी पदवीरचना आली. मेजर, मायनर, क्रेडिट, सगळं नव्यानं लिहिलं जात असताना पहिल्या सत्रात बारावीच्या पोराला हात देणारे काही तास लिहिणं अवघड नव्हतं आणि अजूनही नाही. गडचिरोलीला आता वैद्यकीय महाविद्यालय आहे, याच तालुक्यात कोनसरीला पोलादाचा कारखाना उभा राहतो आहे. तिथं डॉक्टर आणि इंजिनिअर बाहेरून येणार की नदीकाठच्या या गावांतून, ते अकरावीच्या त्या पहिल्या तीन महिन्यांत ठरतं, असं माझं ठाम मत आहे.

म्हणून हे लिहिते आहे ते मुख्यतः माझ्यासारख्या शिक्षकांसाठी. शासनाचा आदेश येईल तेव्हा येईल. येत्या जूनमध्ये, वर्ग सुरू व्हायच्या आधीच्या एखाद्या शनिवारी, आपापल्या इमारतीतल्या दहावीच्या, अकरावी-बारावीच्या आणि प्रथम वर्षाच्या गणित-विज्ञानाच्या शिक्षकांनी एका टेबलाशी बसावं. पुस्तकं उघडी ठेवावीत. कुठल्या महिन्यात कुणाला काय लागतं ते एका कागदावर मांडावं, गणिताच्या सरांनी डेरिव्हेटिव्हचे चार तास ऑगस्टमध्ये आणावेत, बायोलॉजीच्या पोरींनाही त्या तासाला बसू द्यावं, आणि पहिल्या महिन्यात फळ्यावर दोन्ही भाषांतले शब्द शेजारी शेजारी लिहावेत. तो कागद शिक्षकखोलीत लावा आणि त्याची एक प्रत विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाला पाठवा.