उसन्या घरातली मॉली

घटस्फोट झालेल्या श्रीमंत बाईची गोष्ट टीव्हीवर येणार म्हटलं की ती प्रेमभंगाची असणार, असं आपण धरूनच चालतो. ‘द स्टार्टर वाइफ’ या अमेरिकन मालिकेत प्रेमभंग सुरुवातीलाच उरकतो आणि पुढे वेगळ्याच नुकसानीचा हिशेब सुरू होतो, म्हणून ती मला महत्त्वाची वाटते. ‘यूएसए नेटवर्क’ या वाहिनीवर 2007च्या मे महिन्याअखेरीस ती सुरू झाली. एकूण सहा तासांची ही लघुमालिका. पुढे 2008मध्ये तिच्यावरून दहा भागांची नियमित मालिकाही निघाली. मॉली केगन ही हॉलिवूडमधल्या एका बड्या स्टुडिओ-अधिकाऱ्याची बायको. नवरा केनी तिला फोनवरून सांगतो, की आपलं संपलं. डेब्रा मेसिंगने ही मॉली रंगवली आहे. तिच्या चेहऱ्यावर त्या क्षणी दुःखाच्या आधी गोंधळ दिसतो. आता मी कुठे राहणार, कुणाकडे जेवायला जाणार, कुणाची म्हणून ओळखली जाणार, हे प्रश्न रडण्याच्या आधी येतात. माझ्या मते मालिकेचा खरा विषय हाच आहे. लग्नाने बाईला जी जागा मिळते ती तिच्या मालकीची नसते, ती तिथे फक्त राहत असते. आणि हे तिला कळतं ते जागा खाली करायची वेळ आल्यावरच.

मॉलीच्या आयुष्यातली घरंच पाहा. लॉस एंजेलिसमधला तिचा संसार केनीच्या हुद्द्यावर उभा आहे. लग्न मोडल्यावर ती मुलीला घेऊन मालिबूच्या समुद्रकाठी येते. तिथलं घर तिच्या मैत्रिणीचं, जोनचं. जोन दारूच्या व्यसनावर उपचार घ्यायला केंद्रात जाते आणि तेवढ्या काळापुरतं घर मॉलीला मिळतं. म्हणजे एका बाईच्या कोसळण्यातून दुसरीला आसरा मिळतो. जोनचं काम करणाऱ्या ज्युडी डेव्हिसला त्या वर्षीचं एमी पारितोषिक मिळालं ते योग्यच होतं. जोन नवऱ्याच्या घरात टिकून राहिलेली आहे, तरीही तिची अवस्था सोडून दिलेल्या बायकोपेक्षा बरी नाही, हे डेव्हिस फार थोड्या हालचालींत दाखवते. मालिबूच्या त्या बंदिस्त वसाहतीच्या फाटकावर लॅव्हेंडर नावाची सुरक्षारक्षक आहे. आत कोणी जायचं आणि कोणी नाही हे ठरवणं तिचं काम. मॉलीची तिच्याशी मैत्री जमते आणि वाळूवर राहणाऱ्या सॅम नावाच्या बेघर माणसाशीही. फाटकाची रखवालदार, बेघर पुरुष आणि उसन्या घरातली बाई, तिघांचंही त्या वसाहतीत असणं दुसऱ्याच्या मर्जीवर आहे. लेखिकांनी हे तिघे एकत्र आणले हा योगायोग नव्हे.

मूळ कादंबरी जीजी लेव्हँजी ग्रेझरची, 2005 सालची. ‘स्टेपमॉम’ या चित्रपटाच्या पटकथेत तिचा हात होता आणि त्या काळात ती निर्माता ब्रायन ग्रेझर याची पत्नी होती. हे जग तिने आतून पाहिलेलं होतं, म्हणूनच त्यातले बारकावे इतके नेमके आहेत. या जगात बायको असणं हेच एक काम आहे. कोणाला जेवायला बोलवायचं, कोणाशेजारी कोणाला बसवायचं, कोणत्या समारंभात कोणाच्या बायकोची विचारपूस करायची, मुलांना कोणत्या शाळेत घालायचं म्हणजे पालकांच्या ओळखी कामी येतील, हे सगळं नवऱ्याच्या कामाचाच भाग असतं आणि ते बायको करते. त्याचा पगार नसतो, हजेरीपट नसतो, निवृत्तिवेतन नसतं. मोबदला म्हणून मिळतो तो दर्जा, आणि नवरा निघून जाताना तोही त्याच्याबरोबर जातो.

ही कल्पनेतली गोष्ट नाही. 1990च्या दशकात कनेक्टिकट राज्यात लॉर्ना वेंट या बाईने नेमका हाच मुद्दा कोर्टात मांडला होता. तिचा नवरा गॅरी वेंट हा ‘जीई कॅपिटल’चा प्रमुख. लग्न तीस वर्षांहून अधिक काळ टिकलेलं. तो हार्वर्डमध्ये शिकत असताना तिने नोकरी करून घर चालवलं होतं; पुढे त्याच्या बदल्या, मेजवान्या, परदेशी पाहुणे हे सगळं सांभाळलं. तिचं म्हणणं होतं की संसार ही भागीदारी होती, तेव्हा सुमारे 10 कोटी डॉलरच्या मालमत्तेतला अर्धा वाटा माझा. नवऱ्याची बाजू अशी, की बाईला सुखाने जगायला लागेल तेवढं पुरे. 1997मध्ये कोर्टाने तिला सुमारे 2 कोटी डॉलर दिले. तिने मागितलेल्या निम्म्याच्या निम्मेही नाहीत, पण नवरा देऊ करत होता त्याहून पुष्कळ जास्त. अमेरिकेत तेव्हा या खटल्यावर घरोघरी वाद झाले. एवढ्या पैशांत आणखी काय हवं, असं अनेकांनी विचारलं. त्या प्रश्नातच घोळ आहे. भागीदार वेगळा होताना त्याला किती लागतं हे कोणी विचारत नाही, त्याचं किती आहे हे पाहतात.

इथे सर्वांत मोठा आक्षेप उभा राहतो आणि तो खोडून काढणं सोपं नाही. मालिबूच्या समुद्रकाठच्या घरात, उसनं का होईना, बसून रडणाऱ्या बाईची कीव का करायची? घटस्फोटानंतर ज्यांना एका खोलीचं भाडं परवडत नाही अशा लाखो बायका आहेत; त्यांच्यापुढे मॉलीचं दुःख ते काय? आकडेही हेच सांगतात. समाजशास्त्रज्ञ लेनोर वाइट्झमन यांनी लॉस एंजेलिसमधल्याच घटस्फोटांचा अभ्यास करून 1985मध्ये लिहिलं, की घटस्फोटानंतर बाईचं राहणीमान 73 टक्क्यांनी घसरतं आणि पुरुषाचं 42 टक्क्यांनी वाढतं. हा आकडा वर्षानुवर्षं भाषणांत, अग्रलेखांत आणि कोर्टाच्या निकालांत वापरला गेला. पुढे 1996मध्ये रिचर्ड पीटरसन यांनी त्याच माहितीची पुन्हा आकडेमोड केली तेव्हा बाईची घसरण 27 टक्के आणि पुरुषाची वाढ 10 टक्के निघाली. पहिला आकडा चुकीचा होता, पण दिशा तीच राहिली. सामान्य घरातली बाई लग्न मोडल्यावर गरीब होते, मॉली होत नाही. मग तिची गोष्ट का सांगायची?

माझं उत्तर असं आहे. गरीब बाईच्या घटस्फोटात पैशांची चणचण इतकी मोठी असते की बाकीचं सारं तिच्याखाली दबून जातं. भाडं, फी, किराणा यांच्या धबडग्यात ‘माझी जागा कोणती’ हा प्रश्न विचारायलाही सवड नसते. श्रीमंत बाईच्या गोष्टीत पैशाचा प्रश्न बाजूला काढलेला असतो. तरीही तिचं काहीतरी हरवतं, आणि जे हरवतं ते स्पष्ट दिसतं. प्रयोगशाळेत एक गोष्ट स्थिर ठेवून दुसरी तपासतात, तसंच हे आहे. मॉलीला उपाशी राहायची भीती नाही. तरी मैत्रिणी फोन उचलताना बिचकतात. पैसा असूनही हे होत असेल, तर ज्या बाईकडे पैसाही नाही तिचं काय होत असेल याचा अंदाज आपण करू शकतो. श्रीमंतांचं दुःख मोठं असतं असं मी म्हणत नाही. ते सुटं काढून पाहता येतं, एवढाच त्याचा उपयोग.

कायद्याकडे पाहिलं तर ही गोष्ट आणखी उघड होते. कॅलिफोर्निया हे लग्नातल्या कमाईवर दोघांचा समान हक्क मानणाऱ्या राज्यांपैकी एक. हा नियम अमेरिकेने शोधलेला नाही; मेक्सिकोच्या अमलाखाली तिथे जो स्पॅनिश कायदा होता, त्यातून तो 1849च्या राज्यघटनेत आला आणि टिकला. त्याच राज्याने 1970पासून कोणाचाही दोष सिद्ध न करता घटस्फोट देणारा कायदा लागू केला. अमेरिकेतला असा हा पहिला कायदा. शिवाय लग्न दहा वर्षं किंवा त्याहून जास्त टिकलं असेल तर ते दीर्घकाळचं मानून पोटगीवरचा कोर्टाचा अधिकार सहसा चालू राहतो. त्यामुळे नववं वर्ष संपत आलं की श्रीमंत नवऱ्यांचे वकील कॅलेंडर पाहू लागतात, अशी तिथे उघड चर्चा असते. इतका बायकोच्या बाजूचा कायदा असूनही मॉली उसन्या घरात येते, याला अर्थ आहे. कायदा घर, शेअर, बँकेतली रक्कम अर्धी करू शकतो. ओळखी आणि मान अर्धे करता येत नाहीत; ते ज्याच्या हाती काम देण्याची सत्ता असते त्याच्याबरोबर जातात.

आपल्याकडे याला एक खरा जोड आहे, आणि तो गोव्यात. पोर्तुगीजांच्या 1867च्या नागरी संहितेतून गोव्याला जो कौटुंबिक कायदा मिळाला, त्यातही लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मालमत्तेत दोघांचा समान वाटा असतो आणि स्थावर मालमत्ता विकायला दोघांची संमती लागते. एकाच इबेरियन मुळाच्या या दोन फांद्या, एक मालिबूत तर दुसरी मडगावात. गोव्याची हद्द ओलांडून सिंधुदुर्गात, म्हणजे महाराष्ट्रात, आलं की हा हक्क संपतो. इथे 1955चा हिंदू विवाह कायदा पोटगी देतो, वाटा देत नाही. नवऱ्याच्या घरात बायकोला हिस्सा देण्याची तरतूद असलेलं विधेयक 2013मध्ये राज्यसभेने मंजूर केलं होतं. लोकसभेतून ते पुढे गेलंच नाही.

दुसरा आक्षेप मालिकेच्या सांगण्याच्या पद्धतीवर घेतला जातो. मॉलीला शेवटी पुन्हा पुरुषच भेटतो. सगळं हसण्यावारी नेलं जातं. शिवाय ही मालिका ‘पाँड्स’ या क्रीमच्या कंपनीने प्रायोजित केलेली, म्हणजे टाकून दिलेल्या बायकोच्या भीतीवरच माल विकला गेला. यातला प्रायोजकाचा मुद्दा मला पूर्ण पटतो आणि तो मालिकेला लागलेला डागच आहे. प्रेमकथेचा मुद्दा अर्धा पटतो. सॅमशी असलेलं नातं लेखिकांनी फार लवकर सोपं केलं. मात्र 2008च्या मालिकेत मॉली लेखनाच्या वर्गात जाते, स्वतःच्या नावाने लिहू पाहते, ही दिशा बरोबर होती. हसण्याचा आक्षेप मात्र मला मुळीच मान्य नाही. या जगात सोडून दिलेली पहिली बायको ही आधीच विनोदाचा विषय असते. मेजवानीत तिच्यावर इतर लोक हसतात. मालिका तो विनोद तिच्या हाती देते. मॉली स्वतःला जुन्या गाजलेल्या चित्रपटांतल्या नायिकांच्या जागी कल्पते, ती दृश्यं गमतीची आहेत आणि त्यांत तिचं स्वतःच्या आयुष्याकडे पाहण्याचं धैर्यही आहे.

घराचा हा धागा नंतरच्या मालिकांनी आणखी पुढे नेला. ‘द मार्व्हलस मिसेस मेझल’ (2017 ते 2023) ही 1950च्या दशकाच्या अखेरच्या न्यूयॉर्कमधली. नवरा सोडून गेल्यावर नायिका मिजला कळतं की आपलं सुंदर घर सासऱ्याच्या मालकीचं आहे. ती माहेरी जाते, तर ते घर वडिलांच्या कोलंबिया विद्यापीठातल्या नोकरीशी बांधलेलं. नोकरी गेली तसं तेही गेलं. पुढे ती विनोदी कलाकार म्हणून कमवू लागते आणि तेच जुनं घर परत घेते, उधार घेऊन का होईना. मॉलीच्या गोष्टीत राहून गेलेला हा टप्पा आहे. ‘ग्रेस अँड फ्रँकी’मध्ये तर सत्तरी ओलांडलेल्या दोन बायका सान दिएगोजवळच्या समुद्रकाठच्या एकाच घरात राहून स्वतःचा धंदा उभा करतात, आणि ती मालिका 2015 ते 2022 या काळात 94 भाग चालली.

मराठी प्रेक्षकांनी हा प्रश्न ‘आई कुठे काय करते!’ या मालिकेत अनेक वर्षं पाहिला. तिची नायिका अरुंधती उच्चभ्रू नाही, मध्यमवर्गीय आहे. पण नवऱ्याने फसवल्यावर ‘समृद्धी’ बंगल्यातली तिची जागा कोणती, हा तिढा तिथेही होताच. तिच्या गाण्याला, तिच्या दुसऱ्या लग्नाला प्रेक्षकांनी भरभरून साथ दिली. मला आपल्या मालिकांकडून आणखी एक पाऊल हवं आहे. महाराष्ट्रात 2021पासून बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, आणि दस्तावर बाईचं नाव असलं की सवलतीच्या निमित्ताने का होईना, मालक तीच ठरते. एखादी नायिका दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात रांगेत बसली आहे, अंगठ्याचा ठसा यंत्रावर नीट उमटत नाही म्हणून कारकून तिला पुन्हा बोट टेकवायला सांगतो आहे, आणि खरेदीखतावर नाव एकटं तिचंच आहे, असा भाग कोणीतरी लिहावा. रविवारच्या महाएपिसोडला तो सहज पुरेल.