बुडाखालचे पाणी

म्हादई आपल्या खानापूर तालुक्यात उगम पावते. पुढे गोव्यात तिलाच मांडवी म्हणतात. आपल्याकडे मात्र तिचे नाव निघते ते तंट्यापुरतेच. सरकारी नोकरीत मीही तिला कागदांतूनच ओळखत होतो. २०१८च्या ऑगस्टमध्ये लवादाने कर्नाटकाला १३.४२ टीएमसी पाणी दिले, तो आकडा मला आजही तोंडपाठ आहे.

या पाण्यावर काय चालते, हे शाळकरी वयात मामांनी दाखवले होते. ते वास्कोच्या जहाजबांधणी कारखान्यात जोडारी होते. मे महिन्यात लोंढ्याहून मीटरगेज गाडीने आम्ही त्यांच्याकडे जात असू. पोर्तुगीज अमदानीत, १९५७ साली, हा कारखाना निघाला तो युद्धनौकांसाठी नव्हे. आतल्या खाणींतले लोहखनिज मांडवी आणि झुआरी या नद्यांतून मुरगाव बंदरात आणायचे, त्यासाठी बार्ज हव्या होत्या. मुक्तीनंतर तो माझगाव डॉककडे भाडेपट्ट्याने गेला आणि १९६७ साली त्याचे नाव गोवा शिपयार्ड झाले. आज तेथील गस्तीनौकांचे कौतुक होते, ते रास्तच आहे. पण मुळातल्या त्या ओबडधोबड बार्ज कोणाला आठवत नाहीत.

मामा म्हणत, "नदीचा रुंदपणा बघू नकोस रे, बुडाखाली पाणी किती ते विचार." भरलेली बार्ज भरती साधून निघे, वेळ चुकली की ती ओहोटीच्या चिखलात बसे. पावसाळ्यात आग्वादजवळचे मांडवीचे मुख वाहतुकीला बंद होई. तेव्हा बार्ज कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुआरीत उतरत. २०१६च्या कायद्याने या तिन्ही वाटांना राष्ट्रीय जलमार्ग ठरवले, पण बार्जवाल्यांनी त्या कधीच्याच मळवल्या होत्या.

लवादाच्या निकालानंतर मी मामांना भेटायला गेलो. ते तेव्हा ऐंशीला टेकले होते. मी मोठ्या तोऱ्यात टीएमसीचा हिशेब मांडला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि विचारले, "तुमच्या या हिशेबात ओहोटी कुठं धरली आहे?"

मला उत्तर देता आले नाही. माझ्या टेबलावर आलेल्या कागदांत तो रकानाच नव्हता.

सायंकाळी आम्ही नदीकाठी गेलो. त्याच वर्षी मार्चमध्ये न्यायालयाच्या आदेशाने खाणी पुन्हा थांबल्या होत्या, आणि काठाला रिकाम्या बार्ज गंजत उभ्या होत्या. एकीकडे काठीने खूण करून मामा म्हणाले, "असल्यांच्या तळाचे पत्रे बदलण्यात माझी उमेद गेली. खाऱ्या पाण्यात लोखंड फार लवकर झिजतं."