एक पातळ पडदा

कांहीं शब्द असे असतात कीं, ते उच्चारतांना सुशिक्षित मनुष्यहि आवाज खालीं आणतो. 'निरोध' हा त्यांतलाच. योगशास्त्रांत मानानें नांदलेला हा शब्द १९६८ सालीं सरकारनें रबराच्या एका आवरणास दिला, आणि तेव्हांपासून तो औषधांच्या दुकानांत, इतर गिऱ्हाइकें निघून जाईपर्यंत, ओठांतच अडकून राहूं लागला. र. धों. कर्वे यांनीं १९२१ सालीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र काढलें, त्यास शंभरांहून अधिक वर्षें लोटलीं. वस्तु स्वस्त झाली. संकोचाचा भाव मात्र उतरला नाहीं.

या संकोचाची एक निराळी, अधिक करुण बाजू मला एका शेजारणीमुळें कळली. तिच्या यजमानांना एचआयव्हीची बाधा आहे, तिला नाहीं. दहा वर्षें त्यांनीं गोळी चुकविलेली नाहीं, आणि रक्तांतील विषाणु आतां मोजणींतहि सांपडत नाहींत. तरी प्रारंभीं समुपदेशकानें घालून दिलेला नियम अक्षरशः चालू आहे. "ताई," ती म्हणाली, "आमच्या दोघांमध्यें रोज रात्रीं तो रोग येऊन निजतो." तिला मूल हवें आहे, हें तिनें मागाहून, उंबरठ्याशीं उभी असतां, सांगितलें.

तिच्या प्रश्नाचें उत्तर शास्त्रानें केव्हांच देऊन ठेवलें आहे. नऊ देशांतील १७६३ जोडप्यांच्या पाहणींत (तींत पुण्याचींहि जोडपीं होतीं) औषध लवकर सुरू केल्यास जोडीदारास होणारी लागण ९६ टक्क्यांनीं घटते, असें २०११ सालीं दिसून आलें. पुढें २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या युरोपांतील पाहणींत, बाधित व्यक्तीच्या रक्तांत विषाणु मोजणींत येत नसतां, आवरणावांचून घडलेल्या सुमारें ५८,००० संबंधांतून जोडीदारास एकदांहि लागण झाली नाहीं. अर्थात् गोळी रोजची हवी, तपासणी वेळेवर हवी. परमा, उपदंश यांपासून मात्र ही गोळी राखीत नाहीं. तें काम आवरणाचेंच.

मग हें तिला कोणीं सांगितलें कां नाहीं? मला वाटतें, सूट दिली तर लोक गोळीहि सोडतील, अशी सांगणारांस धास्ती असते. ती अगदींच निराधार नव्हे; पण तींत प्रौढ माणसाला बालक समजण्याची जुनी खोड आहे, आणि ती माणसें गरीब असलीं म्हणजे ही खोड अधिकच बळावते. जो मनुष्य दहा वर्षें घड्याळाकडे पाहून गोळी घेतो, त्यास चार वाक्यें समजणार नाहींत काय?

अखेर दोघें डॉक्टरांकडे गेलीं. त्यांनीं सर्व नीट उलगडून सांगितलें. शेजारीण हरखली, यजमान गप्प होते. ज्यानें आपला स्पर्शच इतकीं वर्षें विषारी मानला, त्याला आंकडे एका दिवसांत कसे पटावे? "आणखी एकदां तपासूं," एवढेंच ते म्हणाले.

ती तपासणी पुढच्या महिन्यांत आहे. तोंवर नियम चालू.