जुना रंग खरवडण्याआधी

आमच्या जव्हार-मोखाड्यात दोन वाद्यांचे आवाज लहानपणापासून कानावर पडतात. भाताच्या दिवसांत पाड्यांवर तारपा आणि लग्नसराईत हळदीच्या रात्री बेंजो. तारप्याचे नाव आता दूरवर गेले आहे. आमच्याच तालुक्यातील वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांना 2026 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. बेंजोला मात्र असा मान कोणी देत नाही. तो भाड्याच्या टेम्पोतून येतो, रात्रभर वाजतो आणि बिघडला की माझ्या घराच्या मागच्या पडवीत येऊन पडतो. सध्या तिथे तीन आहेत.

नाव बेंजो असले तरी अमेरिकेतल्या गोल बँजोशी त्याचा संबंध नाही. याचे खरे नाव बुलबुल तरंग. 1912 मध्ये जपानच्या नागोया शहरात गोरो मोरिता यांनी टाईपरायटरसारख्या चाव्या तंतुवाद्यावर बसवून ‘ताइशोगोतो’ तयार केले. तेच पुढे समुद्रमार्गे आपल्याकडे आले. कव्वाल पार्ट्यांनी ते उचलले, बलुचिस्तानात त्याचे ‘बेंजू’ झाले, मुंबई-ठाण्याकडे मिरवणुकीच्या पथकांनी त्याखाली पिकअप बसवून त्याला विजेवर आणले. म्हणजे गिटार जशी इलेक्ट्रिक झाली तसाच आमचा बेंजोही झाला. आतली करामत दोन्हींची एकच: चुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो फेरे, वर पोलादी तार. तार थरथरली की त्या वेटोळ्यात किंचित वीज उत्पन्न होते आणि अॅम्प्लिफायर तिचा आवाज करतो.

अब्बा रेडिओ दुरुस्त करायचे. उरुसाला शाह सदरुद्दीन चिश्तींच्या दर्ग्यावर कव्वाल यायचे तेव्हा ऐनवेळी कोणाचा ना कोणाचा पिकअप बंद पडायचा. तिथून अब्बांकडे बेंजो येऊ लागले, मग पाड्यांवरच्या पथकांचेही येऊ लागले. मी शाळा सुटल्यावर त्यांच्याजवळ बसून तार धरायचे. आता शाळा सुटल्यावर मीच ते काम करते. बायकांचे हात या कामाला बरे, हे माझे प्रामाणिक मत आहे. तार इतकी नाजूक असते की जोर दिला की तुटते.

फेरे मोजण्यासाठी मी अम्मीचे जुने शिलाई मशीन वापरते. बॉबिन भरण्याच्या चाकावर रीळ बसवायचे, चाकाला छोटे चुंबक चिकटवायचे आणि साध्या कॅल्क्युलेटरच्या बरोबरच्या बटणाला रीड स्विच जोडायचा. एक अधिक एक करून ठेवले की चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला आकडा एकाने वाढतो. जोरात फिरवले तर कॅल्क्युलेटर मागे पडतो, म्हणून सावकाश. सात हजार फेऱ्यांना तासभर सहज जातो. माझा धाकटा तेवढ्या वेळात आपले पाढे म्हणून घेतो. शेवटी रीळ गरम मेणात बुडवायचे. तसे केले नाही तर आवाज वाढवताच पिकअप शिट्टी मारतो. मेण पातेल्यात पाणी घालून त्यावर वितळवायचे, थेट आचेवर कधीही नाही. तारप्याचे सांधेही मेणानेच बुजवतात. ते मधाच्या पोळ्याचे मेण आमच्या आठवडी बाजारात मिळते, मीही त्यातले थोडे मिसळते.

आता या मासिकाच्या वाचकांच्या मनात जो प्रश्न आला असेल, तो माझ्या घरातही विचारला गेला आहे. थोरला मुलगा मदरशातून सुट्टीत आला होता. तो म्हणाला, “अम्मी, बहुतेक उलेमा तंतुवाद्य नाजायज मानतात. मग दुरुस्तीची मजुरी?” त्याचे म्हणणे खोटे नाही. इमाम गझालींनी ‘इह्या’मध्ये समाअवर स्वतंत्र प्रकरण लिहिले, अटी घालून ऐकण्याची मुभा दिली, पण तंतुवाद्यांना त्यांनीही दार उघडले नाही. हजरत निजामुद्दीन औलियांनाही समाअच्या मैफलीत वाद्ये पसंत नव्हती. दुसरीकडे त्याच चिश्ती सिलसिल्याच्या दर्ग्यांवर आज कव्वाली वाद्यांसह होते. मिरजेत तर सतार आणि तानपुरा बनवणारी मुस्लिम घराणी एकोणिसाव्या शतकापासून याच कामावर उभी आहेत. ते मूळचे शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार लावणारे. त्यांच्या वाद्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले.

मी मुलाला यातले सगळे सांगितले, दोन्ही बाजूंचे. फतवा द्यायचा मला अधिकार नाही. फक्त एवढे सांगितले की, तुझ्या नानांनी याच पैशातून आम्हा तिघा भावंडांना शिकवले, माझ्या बीएडच्या फीमध्ये किती बेंजो होते हे मला ठाऊक आहे. तो गप्प राहिला. पटले म्हणून की अदब म्हणून, हे मी विचारले नाही. तो घरी असतो तेव्हा पडवीचे दार मी लावून घेते आणि तो मला चहा आणून देतो. सध्या आमच्यात एवढे ठरलेले आहे.

मागच्या मार्चमध्ये मोखाड्याहून एक तरुण आला. माझाच जुना विद्यार्थी. वडील वारले, पथक आता तो चालवतो. बेंजो वडिलांचा. पिकअप मेलेला होता, पण त्याची मागणी वेगळीच होती. “बाई, आवाजाचं नंतर बघा. याला घासून पुसून निळा चमकीचा स्प्रे मारायचाय. गॅरेजवाला तयार आहे, तुम्ही फक्त सुटे भाग काढून द्या. जुनाट पेटी बघून लोक सुपारी देत नाहीत, डीजे बोलावतात.”

त्याचे दुःख खरे होते. डीजेने या पथकांचे कंबरडे मोडले आहे, आणि हळदीच्या मांडवात आवाजाआधी दिसणेच बघितले जाते. मी लगेच नाही म्हटले नाही. पेटी उघडली. पिकअप काढला तर खालच्या लाकडावर पेन्सिलीने उर्दूत लिहिलेले दिसले: सात हजार दोनशे, मे 1991. अक्षर अब्बांचे. त्याच्या वडिलांनी तेव्हा आणलेला हा बेंजो अब्बांनीच बांधून दिला होता आणि पुढच्या कारागिरासाठी फेऱ्यांचा आकडा लिहून ठेवला होता. गॅरेजमध्ये थिनर आणि काचपेपर लागला असता तर तो गेलाच असता. मी त्याला वाचून दाखवले. मग चाव्यांकडे बोट दाखवले. डावीकडून चौथी आणि सहावी चावी इतरांपेक्षा खोलगट झाली होती. तो म्हणाला, “बाबा तिथंच बोट ठेवून बसायचे.”

परदेशात जुन्या इलेक्ट्रिक गिटारींचा मोठा बाजार आहे. लिओ फेंडर यांनी 1950 च्या दशकात कॅलिफोर्नियातील फुलर्टनला बनवलेल्या गिटारींना मोटारींचा रंग दिलेला असायचा. आज त्यातल्या एखादीचा मूळ रंग कितीही उडालेला असो, ती तशीच राहिली तर किंमत येते. नव्याने रंगवली तर किंमत साधारण निम्म्यावर येते. गंमत अशी की 1990 च्या दशकापासून नव्या गिटारी मुद्दाम झिजवून, जुन्या दिसतील अशा करूनही विकतात. हे सांगितल्यावर माझा विद्यार्थी हसला. “बाई, मोखाड्यात कोण एवढा पैसा देणार?” बरोबर आहे. त्याला बाजारभाव नको होता, सुपारी हवी होती.

म्हणून मधला मार्ग काढला. पेटीच्या लपलेल्या कोपऱ्यावर स्पिरिटचा बोळा फिरवला. रंग सुटला, म्हणजे जुने पॉलिश चपडा लाखेचे. हे पॉलिश मोठे उपकारी असते. नवा हात दिला की तो जुन्यात विरघळून एकजीव होतो, खरवडावे लागत नाही. ओलसर फडक्याने मळ काढला, फक्त उडालेल्या जागांवर बोळ्याने तीन-चार पातळ हात दिले. बोटांचे खोलगे तसेच ठेवले. घोडीवरच्या खाचा साफ केल्या, गंजलेल्या तारा बदलल्या, पिकअपला बरोबर सात हजार दोनशे फेरे दिले, आणि अब्बांच्या ओळीखाली मराठीत नवी तारीख लिहिली. चमकी हवी होती ती प्लायवूडच्या वेगळ्या फळीवर मारून घ्यायला सांगितली. पथकाचे नाव लिहून ती फळी स्टँडच्या पुढे टांगली की मांडवातून पेटी दिसतच नाही.

फळी त्याने निळीच केली, वर लाल दिव्यांची माळ. एप्रिलमध्ये सहा सुपाऱ्या मिळाल्या असे सांगायला तो आला होता. त्यातल्या दोन फळी बघून, चार आवाज ऐकून, असा त्याचा हिशेब. मजुरीचे पाचशे रुपये अजून बाकी आहेत.

पडवीतल्या तिघांपैकी दोघांचे पिकअप झाले आहेत, पॉलिश मात्र थांबवले आहे. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला ठाऊक असेल. ओल्या हवेत चपडा लावला की त्यावर दुधासारखी पांढरी झाक धरते. मालक फोन करून घाई करतात. मी त्यांना दिवाळीनंतर या म्हणून सांगते.