सत्तावीसचं रीडिंग

मोरचूद तापवलं की निळं जाऊन पांढरं पडतं. त्यातलं पाणी गेलं, हे शाळेतल्या पोरालाही कळतं. कॅल्शियम आयोडेट मात्र असा काही सुगावा लागू देत नाही. रेणूमागे सहा पाणी असोत, एक असो की अजिबात नसो, पांढरं ते पांढरंच. विदर्भातल्या कॉलेजात इतकी वर्षं ते बनवतेय, पण नुसती बाटली बघून मी आजही पैज लावणार नाही.

बनवायला तसं सोपं. १० ग्रॅम पोटॅशियम आयोडेट १५० मिलिलिटर गरम पाण्यात विरघळवायचं, निवू द्यायचं आणि ढवळत ढवळत कॅल्शियम नायट्रेटचं द्रावण ओतायचं. कधी कधी बीकर नितळच राहतो आणि नवख्याचा चेहरा पडतो. मग काचेच्या कांडीने बीकरच्या आतल्या बाजूला हलकेच घासायचं. घासलं तिथे धूसर रेघ उमटते आणि बघता बघता बीकर बारीक स्फटिकांनी भरतो. ते गाळून बर्फाच्या थोड्याशा पाण्याने धुवायचे.

खरी परीक्षा वाळवण्याची. डिसेंबरात सहा पाण्याचा स्फटिक मुकाट्याने हाती येतो. एप्रिलात, प्रयोगशाळेतला तापमापक ३८ दाखवत असताना, त्याच कृतीचा भरवसा नसतो. तिशीच्या थोडं वर गेलं की द्रावणात एक पाण्याचा स्फटिकच जास्त टिकाऊ ठरतो. म्हणून सकाळच्या गारव्यात काम उरकायचं, स्फटिक फिल्टर पेपरच्या घड्यांत दाबायचे, पेपर बदलायचे आणि थांबायचं.

नवी होते तेव्हा मी थांबले नाही. दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकल होतं, म्हणून सगळा साठा तासभर ६० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवला आणि बाटलीवर ठसठशीत लिहिलं, ‘हेक्साहायड्रेट’, म्हणजे सहा पाण्याचा.

प्रयोग टायट्रेशनचा. आम्लात आयोडेट आणि पोटॅशियम आयोडाइड एकत्र आले की आयोडिन सुटतं. एका आयोडेटमागे आयोडिनचे तीन रेणू आणि ते संपवायला सहा थायोसल्फेट. ०.१ ग्रॅम हेक्साहायड्रेटला ०.१ मोलरचं थायोसल्फेट २४.१ मिलिलिटर लागायला हवं.

"मॅडम, चारदा केलं. सत्तावीसच येतंय."

"स्टार्च लवकर घातलास. किंवा ब्युरेटच्या चोचीत हवा असेल. परत कर."

त्याने परत केलं. पुन्हा २७. मग मी स्वतः केलं. निळा रंग गेला तेव्हा ब्युरेट २७.० वर होती. पोरगा काही बोलला नाही. माझ्या बाटलीकडे मात्र त्याने एकदा बघितलं.

रात्री घरी हिशेब मांडला. एक पाण्याच्या क्षारासाठी २९.४ यायला हवं होतं, निर्जलासाठी ३०.८. सत्तावीसचा अर्थ रेणूमागे सरासरी तीन पाणी. तीन पाण्याचा स्फटिक माझ्या बाटलीत नव्हता. सहाचे आणि एकचे स्फटिक शेजारी शेजारी पडले होते, त्यांची ही सरासरी होती. पाण्याला हातही न लावता आयोडिनने पाण्याचा हिशेब दिला होता, आणि तो देणाऱ्या पोराला मी चारचौघांत बोलले होते.

बोट ओलं होत नाही म्हणजे कोरडं, हा आपला ओट्यावरचा हिशेब स्फटिकाला लागू नाही. चिलीच्या आटाकामा वाळवंटात वर्षानुवर्षं पाऊस नसतो. तिथे लॉटाराइट हे निर्जल कॅल्शियम आयोडेट खनिजरूपात सापडतं, आणि ब्रुगेनाइटही सापडतं. त्या ब्रुगेनाइटने आपलं एक पाणी सोडलेलं नाही. ते पाणी ओल म्हणून चिकटलेलं नाही, स्फटिकाच्या बांधणीतच आहे.

दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं, रीडिंग बरोबर होतं, लेबल चूक होतं. त्याच पोराच्या हातून लेबल बदलून घेतलं. तेव्हापासून आमच्या बाटल्यांवर नावाखाली तीन ओळी असतात. कधी गाळलं, त्या वेळी तापमान किती होतं आणि ०.१ ग्रॅमला ब्युरेट किती आली. तिसरी ओळ भरल्याशिवाय बाटली कपाटात जात नाही.