तुझंच घर आहे ते

मुंबईतल्या वाकोल्यात विमानं इतकी खालून जातात की बोलणारा माणूस वाक्य तोंडातच धरून थांबतो आणि विमान गेलं की पुढं बोलू लागतो. लहानपणी मला वाटे, शेजारच्या काकूंचं रडणंही तसंच मध्ये थांबत असेल. ते थांबत नव्हतं. आम्हाला ऐकू येत नव्हतं, एवढंच.

एका रात्री काकू आमच्या पायरीवर बसल्या होत्या. अनवाणी. त्यांच्या दाराला आतून कडी. आईनं त्यांना आत घेतलं, कपाळावरच्या टेंगळाला हळद लावली, सतरंजी टाकून दिली. पहाटे नळाला पाणी आलं तेव्हा आई म्हणाली, "जा बाई आता. तुझंच घर आहे ते." आईला मी दोष देत नाही. याहून वेगळं सांगावं असं तिच्यापाशी तेव्हा काही नव्हतंच. आपल्याकडे मुलगी सासरी 'नांदते'. केवढा भरलेला शब्द! पण कोर्टाच्या कागदात तो येतो तो बहुतेकदा 'नांदत नाही', 'नांदवत नाही' असाच.

आणि याच वाकोल्यात, नेहरू रोडवर, ऐंशीच्या दशकात बायकांना आधार देणारं 'विमेन्स सेंटर' चालत होतं, हे मला फार उशिरा कळलं. गडचिरोलीकडच्या मथुरा या मुलीवर पोलीस ठाण्यात झालेल्या बलात्काराच्या खटल्यातल्या निकालाविरुद्ध 1980 साली मुंबईतल्या बायका रस्त्यावर आल्या. त्याच चळवळीच्या ओलाव्यात हे केंद्र रुजलं. तिथं काम करणाऱ्या फ्लेव्हिया अ‍ॅग्नेस स्वतः नवऱ्याचा मार वर्षानुवर्षं सोसून, तीन मुलांची आई होऊन बाहेर पडलेल्या. आपली कहाणी त्यांनी स्वतःच्या नावानिशी लिहिली. मग कायदा शिकल्या आणि 1988 पासून मुंबई उच्च न्यायालयात वकिली करू लागल्या. मधुश्री दत्ता यांच्याबरोबर त्यांनी 'मजलिस' ही संस्था उभी केली. तिथल्या वकील बायकाच बायकांचे खटले लढवतात. मार खाल्लेल्या बाईनं काळा कोट चढवून न्यायाधीशासमोर उभं राहणं, याचा विचार आला की आजही माझा ऊर भरून येतो.

1983 मध्ये दंड संहितेत 498अ कलम आलं. बाईचा छळ केला तर नवऱ्याला, सासरच्यांना तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, असं ते सांगत होतं. पण फिर्याद देऊन आलेली बाई त्या रात्री झोपणार कुठे? पोरांना डबा कुठल्या चुलीवरचा? त्यावर ते कलम गप्प होतं. पोटगी, मुलांचा ताबा आणि डोक्यावरचं छप्पर या रोजच्या गोष्टींसाठी वकिलानं झगडायला हवं, हे फ्लेव्हिया सांगत राहिल्या. मला त्यांचं हेच सगळ्यात मोठं काम वाटतं.

कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा 2005 साली झाला आणि 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू झाला. त्याचं सतरावं कलम म्हणतं, घर बाईच्या नावावर असो वा नसो, ज्या घरात ती राहिली तिथून तिला बेकायदा हुसकून लावता येणार नाही. अर्ज दिल्यावर साधारण तीन दिवसांत पहिली तारीख, आणि तिथून साठ दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा, असंही या कायद्यात लिहिलं आहे. प्रत्यक्षात तारखांची माळ किती लांबते, हे कोर्टाच्या बाकावर बसलेल्या बायकांना विचारावं. आणि दोन महिनेही झाले नव्हते, तोच डिसेंबर 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, सासूच्या नावावरचं घर सुनेच्या हक्कात येत नाही. आपल्याकडे तर घर बहुतेकदा सासू-सासऱ्यांच्याच नावावर असायचं! तो निकाल फिरायला 15 ऑक्टोबर 2020 उजाडला. चौदा वर्षं. या चौदा वर्षांत किती जणींच्या वकिलांनी भाड्याच्या पावत्या, रेशनकार्डं, मुलांचे शाळेचे दाखले पुढं करत एकच गोष्ट मांडली असेल, की ही बाई इथंच राहत होती.

आईचंच वाक्य होतं ते. कायद्याच्या पुस्तकात शिरायला त्याला इतकी वर्षं लागली.

त्या पहाटे काकू उठल्या, सतरंजीची नीट घडी घातली आणि आपल्याच दारावर बोटाच्या पेरानं टकटक करत उभ्या राहिल्या. हळू, कुणाची झोपमोड होऊ नये म्हणून.