हॅमट्रॅम्क ते रोझमाँट

डेट्रॉइटच्या पोटात हॅमट्रॅम्क नावाचं एक वेगळं, चिमुकलं गाव आहे. एके काळी ते पोलिश कामगारांचं होतं. आज कोनंट रस्त्यावर बांगलादेशी दुकानांच्या पाट्या दिसतात. मामांना मी तिथे नेलं ते एका कारखान्याची जागा दाखवायला. डॉज बंधूंनी 1910 मध्ये उभारलेला 'डॉज मेन' हा प्रचंड कारखाना इथे होता. 1980 मध्ये तो बंद पडला आणि पाठोपाठ पाडला गेला. ती जागा आणि शेजारची उठवलेली वस्ती मिळून जनरल मोटर्सचा कारखाना झाला. आता त्यात विजेवर चालणाऱ्या गाड्या तयार होतात. कुंपणाबाहेरून जुनं काहीच दिसत नाही, तरी मामा बराच वेळ गाडीतून उतरून उभे राहिले.

मामांची सगळी नोकरी पिंपरी-चिंचवडमध्ये, एका वाहन कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये झाली. "शिफ्ट सुटली की इथला रस्ता कसा भरून जात असेल रे," एवढंच ते म्हणाले.

आम्हाला जायचं होतं शिकागोजवळच्या रोझमाँटला. तिथे दर नोव्हेंबरात मसल कार अँड कॉर्व्हेट नॅशनल्स हे प्रदर्शन भरतं. वाटेत एका छोट्या गावातल्या वर्कशॉपमध्ये थांबायचं ठरवलं होतं. तिथे 1970 ची डॉज चॅलेंजर पुन्हा मूळ रूपात आणण्याचं काम चाललं होतं आणि ती गाडी याच डॉज मेनमधून बाहेर पडलेली होती.

आय-94 महामार्गावर पहिला बर्फ पडून गेला होता आणि मिठाच्या पांढऱ्या रेघा डांबरावर उमटल्या होत्या. बर्फ वितळावा म्हणून इथे रस्त्यावर मीठ टाकतात. डेट्रॉइट शहराच्या खाली हजार फुटांहून खोल मिठाची खाण आहे आणि ती आजही चालू आहे. ज्या शहरानं या गाड्या घडवल्या, त्याच्याच पोटातलं मीठ त्यांचा पत्रा खातं. मिशिगनमध्ये राहिलेली जुनी गाडी उघडली की मडगार्डच्या कडा, पायाखालचा पत्रा आणि डिकीचा तळ गंजून चाळण झालेला असतो.

मसल कार म्हणजे मध्यम आकाराच्या, साध्या माणसाला परवडणाऱ्या गाडीत बसवलेलं भलं मोठं इंजिन. 1964 मध्ये पाँटिअ‍ॅकनं जीटीओ आणली आणि ही लाट सुरू झाली. तेव्हा मध्यम गाडीत 330 घनइंचांहून मोठं इंजिन बसवायचं नाही, असा जनरल मोटर्सचा स्वतःचाच नियम होता. म्हणून 389 घनइंचांचं इंजिन 'जादा सुविधा' म्हणून देण्याची वाट जॉन डीलोरियन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी काढली. दहा वर्षांत सगळं आटोपलं. विम्याचे हप्ते भडकले, धुराचे नियम कडक झाले आणि 1973 च्या तेलटंचाईनं उरलीसुरली ताकद काढून घेतली. चॅलेंजरचं उत्पादन 1974 मध्ये थांबलं.

वर्कशॉपमध्ये शिरताच थिनरचा वास आला आणि मामांचा चेहरा उजळला. मधोमध स्टँडवर गाडीचा सांगाडा होता. मालक साठीच्या घरातला, कमी बोलणारा. त्यानं आधी गाडी दाखवलीच नाही. पोस्टकार्डापेक्षा लहान असा पत्र्याचा तुकडा समोर ठेवला. क्रायस्लरच्या गाड्यांत बॉनेटखाली, ड्रायव्हरच्या बाजूच्या आतल्या मडगार्डवर ही पट्टी बसवलेली असते. तिच्यावर अक्षरं आणि आकडे ठोकलेले असतात आणि वाचायचं खालच्या ओळीपासून वर.

तो बोट ठेवत गेला. 'जेएस23' म्हणजे चॅलेंजर आर/टी, दोन दारांची हार्डटॉप. 'एन' म्हणजे 383 घनइंचांचं, 335 अश्वशक्तीचं इंजिन. शून्य म्हणजे 1970. 'बी' म्हणजे हॅमट्रॅम्क. 'डी21' म्हणजे हातानं बदलायचे चार गिअर. '312' म्हणजे मार्चची बारा तारीख, गाडी त्या दिवशी लाइनवर घ्यायची ठरली होती. आणि 'एफसी7' म्हणजे प्लम क्रेझी, पिकलेल्या जांभळाच्या सालीचा तो चमकदार रंग.

"आमच्याकडे याला जॉब कार्ड म्हणायचे," मामा म्हणाले.

तसं कार्डही होतं. लाइनवरच्या कामगारांसाठी छापलेला कागद बऱ्याचदा सीटच्या स्प्रिंगांत अडकून गाडीबरोबरच बाहेर जायचा. या गाडीतला कागद मागच्या सीटखाली सापडला होता. उंदरांनी एक कोपरा खाल्लेला, बाकी शाबूत. मालकानं तो काचेत बसवून ठेवला आहे. त्यावरचा प्रत्येक कोड पट्टीशी जुळतो.

एवढ्यानं भागत नाही. इंजिन ब्लॉकवर गाडीच्या क्रमांकाचे शेवटचे आकडे ठोकलेले असतात, ते तेच हवेत. ब्लॉकच्या ओतकामाची तारीख गाडी जुळवल्याच्या आधीची हवी, आणि फार आधीचीही नको. काचांवर, अल्टरनेटरवर, प्लगच्या वायरींवरही तारखा असतात. बोल्टच्या डोक्यावर तो बनवणाऱ्याची खूण असते. त्यामुळे गाडी उघडताना प्रत्येक बोल्ट कुठून निघाला हे लिहून पिशवीत ठेवायचं. नव्या बनावटीचे सुटे भाग बाजारात ढिगानं मिळतात, पण जाणकार नजर खूण नसलेला बोल्ट चटकन पकडते.

मग मामा वाकून गाडीखाली गेले. मला वाटलं गुडघे दुखतील, पण ते बराच वेळ बाहेर आलेच नाहीत. तळ कडेला जांभळा होता आणि आत सरकत जाताना रंग विरळ होत होत प्रायमरमध्ये मिसळला होता.

"हे मुद्दाम केलंय? स्प्रे गन बाजूनं चालली की उडालेला रंग असाच खाली जातो," मामांनी खालूनच विचारलं.

मालकानं मान हलवली. तळ सारखा रंगवणं सोपं होतं, पण कारखान्यानं तसं कधी केलं नव्हतं. साफ करण्याआधी त्यानं तळाच्या प्रत्येक फुटाचे फोटो काढले. मळाच्या थराखाली तपासनिसांनी खडूनं आणि मेणखडूनं ओढलेल्या रेघा निघाल्या, लीफ स्प्रिंगांवर रंगाचे फटकारे निघाले. त्यांची मापं घेतली आणि त्याच जागी पुन्हा काढले. रंगही आजच्यासारखा, वर पारदर्शक थर असलेला नाही. क्रायस्लर तेव्हा अ‍ॅक्रिलिक इनॅमल वापरायची, म्हणून इथेही त्याच जातीचा, एकाच थराचा रंग. त्यावर संत्र्याच्या सालीसारखा खरखरीतपणा राहतो. तो पॉलिश करून घालवायचा नाही.

डिकीच्या कडेच्या पन्हळीत मात्र रंग पुन्हा मारलेला नव्हता. 1970 चा मूळ रंग तिथे टिकला होता आणि त्यात एक ओघळ होता, बोटाच्या पेराएवढा, टोकाला थेंब घट्ट झालेला. मामांनी त्यावरून अंगठा फिरवला. "गन क्षणभर थांबली इथे. शिफ्टचा शेवट असणार," ते म्हणाले. मालकाला मी ते इंग्रजीत सांगितलं. तो पहिल्यांदा हसला आणि त्यानं मामांना चहा विचारला.

पुढचा प्रवास अंधारात झाला. इंडियानात शिरल्यावर घड्याळ एक तास मागे गेलं. लेक मिशिगनच्या दक्षिण काठावर पोलाद कारखान्यांचे दिवे दिसले.

रोझमाँटच्या सभागृहात झगमगाट होता. हेमी इंजिनवाल्या बाराकुडा, एलएस6 शेव्हेल, रांगेनं जीटीओ. अनेक गाड्यांचा रंग इतका गुळगुळीत की आपलं तोंड त्यात दिसावं. मला त्या दिपवून गेल्या, पण तिथे थांबावंसं वाटलं नाही. कुठल्याच कारखान्यातून अशी गाडी कधी बाहेर पडली नव्हती. लाइनवर हजारो माणसांनी घाईत, थकून, पण नेमानं केलेलं काम त्या चकाकीनं पुसून टाकलं आहे असं मला वाटतं. कॉर्व्हेटवाल्यांची एनसीआरएस ही 1974 पासूनची संघटना तर परीक्षण करताना गाडी कारखान्यातून निघाली तशीच आहे ना, एवढंच पाहते. जास्त सुंदर केली तरी गुण जातात. हे मला पूर्ण पटतं.

एका बाजूला वर्षानुवर्षं गोठ्यांत, गॅरेजांत पडून राहिलेल्या गाड्या धुळीसकट मांडल्या होत्या. गंजलेल्या, टायर बसलेल्या. मामा तिथेच रमले. एका गाडीच्या दाराच्या खाचेत टॉर्च मारून ते मला मूळ रंग दाखवत होते, इथे जाड, इथे पातळ, इथे मास्किंगची कड. ज्या गाडीचा पत्रा मिठानं खाल्लाय तिला नवा पत्रा द्यावाच लागतो. पण जिथे जुना रंग जिवंत आहे तिथे हात लावू नये, कारण कामगाराची ती सही एकदाच होते.

दुपारी जेवताना मामांनी मला वर्कशॉपच्या मालकाला फोन लावायला सांगितलं. "त्याला विचार, ती डिकीची पन्हळ रंगवणार नाही ना?"

विचारलं. तो म्हणाला, पन्हळीवर टेप लावून ठेवलीय आणि वर्कशॉपमधल्या पोरांना ताकीद दिलीय. मग त्यानं स्वतःहून विचारलं, डाव्या दाराच्या बिजागरीपाशी रंगाचा एक जाड पट्टा आहे, तो कारखान्यातला की नंतरच्या कुणी मारलेला, हे तुमचे मामा परत जाताना थांबून बघतील का.